धुक्यातून धावपट्टीकडे

१ जानेवारी १९४३. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ऱ्होड आयलंड राज्यात क्वॉनसेट पॉइंट हा तेव्हा नौदलाचा विमानतळ होता. नव्या वर्षाच्या त्या पहिल्याच दिवशी तेथे हिमवादळ आले आणि विमानतळ बंद करावा लागला. अडचण अशी की, नौदलाच्या कॅटालिना विमानांचा एक ताफा अवघ्या अर्ध्या तासात तेथे पोहोचणार होता. खाली बर्फ, वर बर्फ आणि मध्ये काहीच दिसत नाही, अशा स्थितीत वैमानिकाने करायचे काय? इंधन असेपर्यंत घिरट्या घालायच्या आणि मग नशिबावर हवाला ठेवायचा, एवढेच त्या काळी हाती असे.

त्या दिवशी मात्र धावपट्टीच्या बाजूला यंत्रांनी भरलेल्या मोटारगाड्या उभ्या होत्या. आत बसलेल्या माणसांनी रडारच्या पडद्यावर येणारी विमाने हेरली. वैमानिकांशी थेट बोलण्याची सोय नव्हती म्हणून त्यांनी सूचना नियंत्रण मनोऱ्याला सांगायच्या आणि मनोऱ्याने त्या वैमानिकाला कळवायच्या, असा द्राविडी प्राणायाम झाला. तरीही त्यांपैकी एका विमानाला त्यांनी बोलत बोलत अशा जागी आणले की, तेथून वैमानिकाला जमीन दिसली आणि तो सुखरूप उतरला. या यंत्रणेचे पहिले यशस्वी प्रात्यक्षिक होऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते.

या यंत्रणेमागची कल्पना ज्याची होती, तो ना सैनिक होता, ना विमानतळाचा अभियंता. तो होता ३१ वर्षांचा एक अणुभौतिकशास्त्रज्ञ. नाव लुईस वॉल्टर अल्वारेझ. पुढे १९६८ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर डायनोसॉर नाहीसे होण्याचे कारण शोधणारा म्हणून त्यांचे नाव शाळकरी मुलांपर्यंत पोहोचले. या दोन कीर्तींच्या झगमगाटात त्यांचे हे तिसरे काम मागे पडले. वास्तविक, रक्तामांसाची माणसे वाचवण्याचा हिशेब मांडला तर पहिला मान त्यालाच द्यावा लागेल.

अल्वारेझ यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १३ जून १९११ रोजी झाला. घराणे डॉक्टरांचे. आजोबा मूळचे स्पेनचे. त्यांनी हवाई बेटांवर वैद्यकी केली आणि कुष्ठरोगाच्या निदानात लक्ष घातले. वडील वॉल्टर अल्वारेझ हे तर अमेरिकेत घरोघरी माहीत असलेले डॉक्टर; मेयो क्लिनिकमध्ये त्यांनी काम केले आणि वृत्तपत्रांतून आरोग्यविषयक सदर लिहून मोठा वाचकवर्ग मिळवला. मुलाचा ओढा मात्र औषधांपेक्षा उपकरणांकडे होता. शिकागो विद्यापीठात शिकायला गेल्यावर तो रसायनशास्त्राकडून भौतिकशास्त्राकडे वळला. तेथे आर्थर कॉम्प्टन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने विश्वकिरणांचे मोजमाप करणारे उपकरण बांधले, ते मेक्सिको सिटीत नेऊन एका हॉटेलच्या गच्चीवर मांडले आणि अवकाशातून येणारे हे किरण बहुतांशी धनभारित असतात, असे दाखवून दिले. डॉक्टरेट अजून हाती आलेली नसताना एवढे काम.

याच सुमारास, १९३३ मध्ये, अल्वारेझ विमान चालवायला शिकले. हा तपशील चरित्रकार सहसा एका वाक्यात उरकतात, पण पुढच्या कथेचा सारा धागा येथेच आहे. प्रयोगशाळेत बसून विमानाचा विचार करणारे शास्त्रज्ञ पुष्कळ होते. ढगात शिरल्यावर वैमानिकाच्या पोटात कसा गोळा येतो, हे जाणणारे थोडे. उड्डाणाचा हा नाद अल्वारेझ यांनी पुढे पन्नास वर्षे जोपासला.

१९३६ मध्ये ते बर्कले येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि अणुकेंद्र आपल्याच कवचातील इलेक्ट्रॉन गिळते हे सिद्ध करण्यापासून ट्रिटियम किरणोत्सारी असल्याचे दाखवण्यापर्यंत चार वर्षांत त्यांनी एकापाठोपाठ एक शोध लावले. मग युद्ध आले. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती. परंतु ब्रिटनने आपले रडारचे गुपित, म्हणजे सूक्ष्मलहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन, १९४० मध्ये अमेरिकेच्या हवाली केला होता. त्यावर काम करण्यासाठी बॉस्टनजवळ मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत नवी प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे नाव मुद्दामच फसवे ठेवले होते, रेडिएशन लॅबोरेटरी. हेतू हा की, ऐकणाऱ्याला वाटावे, येथे निरुपद्रवी अणुसंशोधन चालले असेल! काळाचा विनोद असा की, तेव्हा अणुसंशोधन निरुपद्रवी वाटत असे. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये अल्वारेझ तेथे रुजू झाले.

तेथे त्यांच्या डोक्यातून निघालेल्या कल्पनांपैकी एक फार गमतीदार आहे. जर्मन पाणबुड्यांवर असा ग्राहक बसवलेला असे की, विमानाच्या रडारचे संकेत वाढू लागले की पाणबुडीला कळे, विमान जवळ येत आहे; ती बुडी मारून निसटे. अल्वारेझ यांनी सुचवले की, विमान जसजसे जवळ जाईल तसतशी आपणच रडारची शक्ती कमी करत न्यायची. पाणबुडीला वाटेल, विमान दूर चालले आहे. लबाडीची ही जात निर्मळ म्हणायची.

पण मुख्य काम निराळेच झाले. प्रयोगशाळेत एक रडार तयार होत होते, ते विमानाला आपोआप धरून ठेवी. विमान जाईल तिकडे त्याची तबकडी वळे. हेतू अर्थात विमानविरोधी तोफांना नेम दाखवण्याचा होता. १९४१ च्या उन्हाळ्यात अल्वारेझ यांनी ते पाहिले आणि त्यांच्या मनात उलटाच विचार आला. शत्रूचे विमान पाडण्याइतक्या अचूकपणे त्याची जागा कळत असेल, तर तेवढ्याच अचूकपणे आपले विमान खाली का आणू नये? जमिनीवरच्या माणसाला विमान कोठे आहे ते दिसते आणि धावपट्टी कोठे आहे ते ठाऊक असते. दोहोंतला फरक त्याने वैमानिकाला फक्त बोलून सांगायचा. विमानात नवे काहीही बसवायला नको. रेडिओ तर प्रत्येक लढाऊ विमानात होताच.

यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची होती. आंधळ्या अवतरणाचे प्रयोग याआधीही झाले होते. जिमी डूलिटल यांनी १९२९ मध्ये केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून विमान उतरवून दाखवले होते. रेडिओच्या किरणाचा मार्ग आखून त्यावरून विमान आणण्याच्या पद्धतीही विकसित होत होत्या. परंतु त्यासाठी विमानात खास उपकरण हवे आणि वैमानिकाला त्याचे खास शिक्षण हवे. बॉम्बफेकीहून परतणारा, थकलेला, कदाचित जखमी असलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा आणि त्याचे गोळ्यांनी चाळण झालेले विमान यांच्याकडून अशा अपेक्षा करणे व्यर्थ होते. त्याला ऐकू येते आहे आणि सांगितले तसे त्याला वळता येते आहे, एवढ्यावरच ज्या पद्धतीचे भागेल, तीच युद्धात कामाची.

प्रश्न दोन होते. वैमानिक ऐकेल का, आणि रडारला दिसेल का? पहिल्याचे उत्तर अल्वारेझ यांनी रडारशिवायच शोधले. जमीनमोजणीवाले वापरतात तसली थिओडोलाइट धावपट्टीजवळ लावून स्वच्छ हवेत विमानाचा माग घ्यायचा, आणि ज्याच्या काचेवर पडदा ओढला आहे अशा वैमानिकाला रेडिओवरून सूचना द्यायच्या. शेजारी डोळे उघडे असलेला दुसरा वैमानिक अर्थातच असे. माणसाच्या आवाजावर विमान खाली येऊ शकते, हे या प्रयोगातून पटले.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र दगा दिला. १९४२ मध्ये उत्तर कॅरोलायनातील एलिझाबेथ सिटी येथे खरे रडार लावून चाचणी घेतली, तेव्हा विमान आकाशात उंच असताना सर्व ठीक चाले. ते धावपट्टीच्या जवळ, जमिनीलगत आले की घोटाळा होई. विमानाकडून येणारा प्रतिध्वनी एक सरळ येई आणि एक जमिनीवर आपटून येई. पाण्यात झाडाचे उलटे प्रतिबिंब दिसावे तसे रडारला जमिनीखाली दुसरे विमान दिसे आणि तबकडी कधी खऱ्याकडे तर कधी खोट्याकडे वळे. जेथे चूक परवडणारी नाही, नेमके तेथेच यंत्र वेडे होई. तोफेला याने फारसे बिघडत नव्हते, कारण तोफ जमिनीलगतच्या विमानावर नेम धरत नाही. उतरणाऱ्या विमानाच्या दृष्टीने मात्र सारेच मुसळ केरात.

अल्वारेझ खचले होते. त्यांना सावरले आल्फ्रेड लूमिस यांनी. हे लूमिस म्हणजे एक वेगळेच प्रकरण. वॉल स्ट्रीटवर अमाप पैसा मिळवून तो विज्ञानावर उधळणारे आणि स्वतःही उत्तम प्रयोग करणारे गृहस्थ. बॉस्टनच्या एका हॉटेलात दोघे जेवायला बसले आणि तोडगा निघाल्याशिवाय उठायचे नाही, असा लूमिस यांनी हट्टच धरला. त्या बैठकीतून नवी मांडणी पुढे आली. विमानाच्या मागे धावणारी एकच तबकडी सोडून द्यायची. त्याऐवजी पंख्यासारखे पसरट पण कडेने सुरीसारखे पातळ असे दोन किरण घ्यायचे. एक डावीकडून उजवीकडे फिरेल. विमान धावपट्टीच्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते तो सांगेल. दुसरा खालून वर फिरेल आणि उंची सांगेल. किरण उभ्या अंगाने इतका पातळ की, खरे विमान आणि जमिनीतले खोटे विमान पडद्यावर वेगवेगळे दिसावेत. यंत्राने निवड करण्याऐवजी ती आता माणसाचा डोळा करणार होता. याखेरीज दूरवरून येणारी विमाने हेरण्यासाठी तिसरे, चौफेर पाहणारे रडार. बर्कलेपासून त्यांचे शिष्य असलेल्या लॉरेन्स जॉन्स्टन यांनी या सामग्रीच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. २३ डिसेंबर १९४२ रोजी क्वॉनसेट पॉइंट येथे तिच्या आधाराने डोळे झाकलेल्या वैमानिकाने विमान उतरवले, आणि नऊ दिवसांनी हिमवादळ आले.

या पद्धतीला ग्राउंड कंट्रोल्ड ॲप्रोच, म्हणजे जमिनीवरून नियंत्रित होणारे अवतरण, असे नाव पडले. वैमानिकांच्या तोंडी ते जीसीए झाले. यंत्र अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, पण यंत्राइतकीच महत्त्वाची होती ती बोलण्याची रीत. ती पुढे अनेक देशांच्या हवाई दलांनी घोटून घोटून पक्की केली आणि मूळ साचा मात्र आजही तोच आहे.

सुरुवातीला ओळख पटवायची. पडद्यावर ठिपके अनेक असतात. आपल्याशी बोलतो आहे तो वैमानिक त्यांतल्या कोणत्या ठिपक्यात आहे? त्याला एका दिशेला वळायला सांगायचे. जो ठिपका वळला तो त्याचा. मग विमानतळावरचा हवेचा दाब सांगायचा, कारण उंची दाखवणारे उपकरण दाबावर चालते आणि तो आकडा चुकला की वैमानिक समजेल त्यापेक्षा जमीन जवळ असते. या टप्प्यावर वैमानिकाने दिशेचा आणि दाबाचा प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायचा. ऐकणारा चुकीचे ऐकतो, तसा बोलणाराही कधी चुकीचे बोलतो. उच्चाराची ही फेड दोघांनाही सावध करते. संपर्क तुटला तर काय करायचे, किती क्षण वाट पाहायची, कोठे वळायचे, हेही आधीच सांगून ठेवायचे. आवाज बंद पडल्यावर ते सांगता येणार नाही, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. चाके खाली आली आहेत का, हे तपासण्याची आठवणही लष्करी नियंत्रक करून देतो. पोटावर उतरलेल्या विमानांची संख्या पाहता ही आठवण अनाठायी म्हणता येत नाही.

मग शेवटचे काही मैल येतात आणि संवादाचे रूपच बदलते. धावपट्टीशी बोलणारा अखेरचा नियंत्रक वैमानिकाला सांगतो की, यापुढे उत्तर देऊ नकोस. कारण तांत्रिक आहे: एका वाहिनीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. वैमानिकाने बोलण्यासाठी कळ दाबली की तेवढा वेळ त्याला जमिनीवरचा आवाज ऐकू येत नाही. शिवाय त्याचे दोन्ही हात आणि सारे लक्ष विमानात गुंतलेले असते. त्यामुळे येथून पुढे एकजण अखंड बोलतो आणि दुसरा फक्त ऐकतो व करतो. विमान रेषेच्या किती डावीकडे, उताराच्या किती वर, दोन अंश उजवीकडे वळ, आता रेषेवर, किंचित खाली आहेस, आता उतारावर, धावपट्टी चार मैल, तीन मैल. उतार साधारण तीन अंशांचा. म्हणजे मैलामागे तीनशे फुटांच्या आसपास खाली यायचे. दिशेतले बदल दोन-तीन अंशांचेच, कारण जवळ आल्यावर मोठे वळण म्हणजे रेषा ओलांडून पलीकडे जाणे.

आणि सर्वांत विलक्षण नियम मौनाचा. या टप्प्यात नियंत्रकाला पाच सेकंदांहून अधिक काळ गप्प राहता येत नाही. सांगण्यासारखे नवे काही नसले तरी बोलत राहायचे. सारे ठीक आहे, हेच पुन्हा सांगायचे. ढगात बसलेल्या माणसाला शांतता हा शुभसंकेत वाटत नाही. तेवढ्या अवधीत आवाज आला नाही, तर संपर्क तुटला असे धरून आणि जमीन दिसत नसेल तर वैमानिकाने विमान पुन्हा वर घ्यायचे. ठरलेल्या किमान उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी दिसली नाही तरी तेच. विमानातली दिशादर्शक उपकरणे बिघडली असतील तर त्याचीही सोय आहे: तेव्हा नियंत्रक अंश सांगत नाही, नुसते वळ म्हणतो आणि योग्य क्षणी थांब म्हणतो. आंधळ्या कोशिंबिरीच्या खेळातला तो सवंगडी, फक्त खेळ जिवाचा.

आवाजाचा स्वरही शिकवला जातो. घाईचा, चढा स्वर लागला की वैमानिकाचा हात दचकतो आणि विमान भरकटते. पडद्यावर ठिपका रेषेबाहेर पळत असतानाही सांगणाऱ्याने संथ लयीतच बोलायचे. पहिल्या यंत्रणेत पडद्यासमोर अनेक माणसे लागत. एकाने दिशेचा माग घ्यायचा, दुसऱ्याने उंचीचा आणि त्यांच्या मोजमापांवरून शेवटच्याने बोलायचे. पुढे दोन्ही चित्रे एकाच माणसासमोर आली.

१९४३ च्या उन्हाळ्यात अल्वारेझ ही सामग्री घेऊन इंग्लंडला गेले. तेथे रात्री बॉम्बफेकीसाठी गेलेली विमाने पहाटे परतत तेव्हा तळांवर बहुधा धुके असे. जर्मनीवरून जिवंत परतायचे आणि स्वतःच्या अंगणात आपटून मरायचे, असे दुर्दैव कित्येकांच्या वाट्याला आले होते. ब्रिटिशांनी धुक्यावर तोडगा म्हणून धावपट्टीच्या कडेने पेट्रोल जाळून हवा तापवण्याची पद्धतही काढली होती. ती चाले, पण एकेका विमानासाठी हजारो गॅलन इंधन भस्मसात होई. अल्वारेझ यांच्या गाड्यांनी मोहिमेवरून परतलेली विमाने नुसत्या शब्दांवर उतरवून दाखवली आणि ब्रिटिश नियंत्रकांना ही विद्या शिकवली. ती चालवायला शिकणाऱ्यांत रॉयल एअर फोर्सचा एक तरुण रडार अधिकारी होता, आर्थर क्लार्क. पुढे विज्ञानकथांचा सम्राट म्हणून गाजलेल्या क्लार्क यांनी १९६३ मध्ये 'ग्लाइड पाथ' ही कादंबरी लिहिली. विज्ञानकथा नसलेली त्यांची ही एकमेव कादंबरी. तिच्यात अल्वारेझ यांच्यावर बेतलेले पात्र सहज ओळखू येते. दोघांची मैत्री पुढे दीर्घकाळ टिकली.

यंत्रणा कारखान्यात तयार होऊ लागली तोवर तिचा जनक तेथून निघून गेला होता. हा अल्वारेझ यांचा स्वभावच. कोडे सुटले की त्यांचा जीव तेथे रमत नसे. शिकागोत एन्रिको फर्मी यांच्याकडे काही महिने काढून १९४४ मध्ये ते लॉस अलामॉस येथे, अणुबॉम्बच्या प्रकल्पात पोहोचले. प्लुटोनियम बॉम्बमध्ये गोलाभोवतीची स्फोटके एकाच क्षणी पेटली पाहिजेत. सेकंदाच्या दशलक्षांशाचाही फरक चालत नाही. त्यासाठी लागणारे स्फोटक-प्रज्वलक त्यांनी आणि जॉन्स्टन यांनी तयार केले.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा अल्वारेझ मागून जाणाऱ्या 'द ग्रेट आर्टिस्ट' या विमानात होते. स्फोटाचा दाब मोजणारी उपकरणे हवाई छत्र्यांना बांधून खाली सोडायची आणि त्यांच्याकडून रेडिओवर येणारे संकेत नोंदवायचे, हे त्यांचे काम. परतीच्या प्रवासात त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला, वॉल्टरला, पत्र लिहिले. हजारो माणसांच्या मृत्यूत आपला हात असल्याचा खेद आणि या भयंकर शस्त्रामुळे पुढची युद्धे तरी टळतील ही आशा, असे दोन्ही त्यात आहे. दोनच वर्षांपूर्वी एकेक वैमानिक जिवंत खाली यावा म्हणून धडपडलेला हा माणूस. या दोन कामांची सांगड त्यांच्या मनात कशी बसली, याचा उलगडा त्या पत्रातून पुरता होत नाही. बॉम्बच्या बाबतीत त्यांनी पुढेही कधी माघार घेतली नाही. उलट हायड्रोजन बॉम्बचा पुरस्कार केला आणि १९५४ मध्ये रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या चौकशीत त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. कित्येक सहकाऱ्यांनी त्यांना त्याबद्दल माफ केले नाही.

जमिनीवरून बोलून विमान उतरवण्याच्या शोधासाठी १९४५ सालचा कॉलियर करंडक हा अमेरिकेतील विमानविद्येचा सर्वोच्च सन्मान अल्वारेझ यांना मिळाला. त्या शोधाची खरी कसोटी मात्र नंतर लागली. १९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि लोहमार्ग बंद केले. वीस लाखांहून अधिक माणसांचे धान्य आणि कोळसा तीन अरुंद हवाई वाटांनी नेणे भाग पडले. १३ ऑगस्ट १९४८ च्या शुक्रवारी टेंपलहॉफ विमानतळावर ढग इमारतींच्या छपरांपर्यंत उतरले. एक विमान धावपट्टीच्या शेवटापलीकडे जाऊन पेटले, मागच्याने त्याला टाळताना टायर फोडून घेतले, तिसरे भलत्याच, अर्धवट बांधलेल्या पट्टीवर उतरले. आणि वर विमानांची चळत घिरट्या घालत राहिली. त्या चळतीत मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर स्वतः अडकले होते! उतरल्यावर त्यांनी नियम केला: हवा कशीही असो, प्रत्येक विमान उपकरणांवरच आणायचे, एका प्रयत्नात उतरता आले नाही तर पुन्हा प्रयत्न नाही, मालासकट परत जायचे. नागरी सेवेत गेलेले मुरलेले नियंत्रक अमेरिकेतून परत बोलावण्यात आले. तीन तीन मिनिटांच्या अंतराने येणाऱ्या विमानांना जीसीएचे आवाज हिवाळाभर, धुक्यातून, उंच घरांच्या रांगांमधून खाली आणत राहिले. १९४९ च्या एप्रिलमध्ये एका दिवसात सुमारे १,४०० उड्डाणांनी जवळपास १३,००० टन माल उतरवला. पुढच्याच महिन्यात नाकेबंदी उठली.

नागरी विमानसेवेने मात्र दुसरी वाट धरली. जमिनीवरून निघणारे रेडिओकिरण विमानातल्या काट्यावर वाचत उतरण्याची पद्धत जगभर प्रमाण ठरली. प्रवासी कंपन्यांच्या वैमानिकांना आपली जबाबदारी अनोळखी आवाजाच्या हवाली करणे पसंत नव्हते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैरलागू होते असे नाही. लष्कराची गरज निराळी: मोडके विमान, आडवळणाचा तळ आणि मोटारीवर लादून कोठेही नेता येईल अशी सामग्री. त्यामुळे अनेक लष्करी तळांवर ही पद्धत टिकली. उपग्रहांच्या जमान्यात तिचा वापर घटला असला तरी ती पुरती मोडीत निघालेली नाही.

युद्धानंतर बर्कलेला परतून अल्वारेझ यांनी द्रवरूप हायड्रोजनचे प्रचंड बुद्बुदकक्ष बांधले. ७२ इंची कक्ष १९५९ मध्ये सुरू झाला आणि त्यातून मूलकणांची जी रांग सापडली, तिच्याबद्दल १९६८ चे नोबेल मिळाले. त्याच काळात त्यांनी इजिप्तमध्ये खाफ्रेच्या पिरॅमिडखाली विश्वकिरण मोजण्याची उपकरणे लावली आणि क्ष-किरणांनी छाती पाहावी तसे पिरॅमिडचे पोट पाहिले. जेवढा भाग तपासला त्यात गुप्त दालन नव्हते. दालन सापडले नाही, असे कोणी म्हटले की ते दुरुस्ती करत: दालन नाही, हे सापडले. याच तंत्राने २०१७ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमधील मोठी पोकळी उजेडात आली.

उतारवयातला शोध मुलाबरोबरचा. हिरोशिमाहून ज्याला पत्र लिहिले तो वॉल्टर आता भूशास्त्रज्ञ झाला होता. इटलीतील गुब्बिओ येथून त्याने खडकाच्या थरांमधील चिकणमातीची एक बारीक रेघ आणली. तिच्या खाली डायनोसॉरच्या युगातले जीव होते आणि वर नव्हते. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी त्या मातीत इरिडियम मोजले, ते अपेक्षेहून कितीतरी अधिक निघाले. १९८० मध्ये चौघांनी मांडले की, सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह पृथ्वीवर आदळला. या वादाचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. विरोधकांनी बोट दाखवले ते दख्खनच्या पठाराकडे. साधारण त्याच काळात येथे लाव्हा वाहिला आणि त्याच्या थरांतून सह्याद्रीचे कातळ घडले. विनाशाचे कारण ते ज्वालामुखी असावेत, असा प्रतिपक्ष होता. अल्वारेझ यांनी विरोधकांवर फार कडवट शब्दांत टीका केली. तेवढी गरज नव्हती. आज बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य घाव लघुग्रहाचा मानतात, मात्र दख्खनच्या लाव्ह्याचा वाटा किती, याची चर्चा थांबलेली नाही.

१९८४ मध्ये, ७३ व्या वर्षी, अल्वारेझ यांनी विमान चालवणे सोडले. वैमानिक म्हणून त्यांच्या नोंदवहीत हजारांहून अधिक तास जमा होते. अन्ननलिकेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांनंतर १ सप्टेंबर १९८८ रोजी बर्कले येथे त्यांचे निधन झाले. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे लघुग्रहाचे विवर ओळखले गेले ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. त्यांची रक्षा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, माँटेरेच्या उपसागरावर विखुरण्यात आली.